मंत्रिमहोदयांचा सत्कार

मंत्रिमहोदय उत्तराला अडले, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. चिंचखेडच्या सभेत शाळेच्या मुख्याध्यापिका कुंदाबाई वरखडे उठल्या.

"साहेब, शाळेला छप्पर कधी?"

"तरतूद केली आहे."

"चार शिक्षकांच्या जागा दहा वर्षं रिकाम्या आहेत."

"भरतीची प्रक्रिया सुरू आहे."

"आणि आम्ही भरतो तो शिक्षणकर जातो कुठे?"

"माहिती संकलित करण्यात येत आहे."

टाळ्या पडल्या, अर्थात साहेबांनी गाडीतून आणलेल्या माणसांच्याच. कुंदाबाई मनात म्हणाल्या, एवढीच विद्या असेल तर ती आपल्यालाही जमेल.

सत्काराची वेळ झाली. कुंदाबाई रुमालाने झाकलेलं तबक घेऊन पुढे आल्या. साहेबांनी सवयीने मान वाकवली, हात पसरले. बराच वेळ झाला तरी खांद्यावर काही पडेना. त्यांनी रुमाल उचलून पाहिला. तबक रिकामं!

"शाल कुठंय?"

"तरतूद केली आहे, साहेब."

"आणि नारळ?"

"खरेदीची प्रक्रिया सुरू आहे."

"अहो, गावाने वर्गणी काढली होती ना?"

"माहिती संकलित करण्यात येत आहे."

साहेब लालबुंद झाले. "मग मी इथे मान वाकवून, हात पसरून उभा कशाला?"

"तेच तर साहेब," कुंदाबाई म्हणाल्या, "आम्ही दहा वर्षं विचारतोय."