बाटलीचा खांदा

फार जुनी गोष्ट. एका तळघरात पोर्ट वाइनची एक बाटली वर्षानुवर्षं आडवी पडून होती. तिच्या अंगावर चुन्याचा एक पट्टा होता. ती बाजू कायम वर ठेवायची, म्हणजे खाली धरलेला गाळ हलत नाही.

लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या रेमेदियोसबाईंनी बाटली अलगद उभी केली, तसा गाळ तळाशी बसला. लग्नाच्या जेवणाला त्या मेणबत्ती लावून बाटलीतली वाइन हळूहळू काचेच्या सुरईत ओतू लागल्या.

सुरई होती नवीकोरी आणि नखरेल. "आटप लवकर," ती म्हणाली. "सगळी दे. पाहुणे माझ्याकडे बघतायत."

"सगळी मिळणार नाही," बाटली म्हणाली.

"ठेवून करणार काय? तुझ्यापाशी नुसता गाळ उरलाय."

"तो माझा आहे. अंधारात पडून वाइनचा सगळा कडवटपणा मी अंगावर घेतला. तेव्हा तू वाळू होतीस."

एवढ्यात गाळाची काळी रेघ गळ्याकडे सरकली. बाटलीने गळ्याखालचा आपला फुगीर खांदा मध्ये घातला आणि रेघ तिथेच अडली. मेणबत्तीच्या उजेडात ते बघून रेमेदियोसबाईंनी हात थांबवला.

टेबलावर सुरईचं फार कौतुक झालं. रिकामी होऊन ती मोरीत आली, तर बाटली आधीच तिथे होती.

"झालो ना आता सारख्या?" सुरई म्हणाली.

"तुला विसळलं की तू पुन्हा कोरी," बाटली म्हणाली. "मला विसळून बघा म्हणावं. इतक्या वर्षांचा डाग जायचा नाही."