ठकाईची धुरी

करंजदऱ्याच्या घाटातून गाडीवाट झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात ठकू नावाची सुईण होती. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलं, असं म्हणतात. ते गाव पुढं तिच्याशी कसं वागलं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. मी सांगतो.

पौषात घाटावरून गार वारा सुटला की पोरांची नाकं वाहायला लागत. मग दारं लावून घ्यायची, शेगडीत गोवऱ्या पेटवायच्या, वर ओवा टाकायचा आणि पोराला त्या धुरात धरायचं, अशी रीत. ठकू घरोघरी जाऊन शेगड्या विझवायची. म्हणायची, "सर्दी आली तशी जाती. पोराला पाजत ऱ्हावा, नाक पुसा, उबेला घ्या. धूर नगं. बरगड्यांखाली खळगा पडाया लागला, पोर दूध घेईना, तर मातर वैद्याकडं पळा."

एवढंच. ना मुळी, ना अंगारा. जी बाई काही देतच नाही तिला काय कळतं, असं लोक म्हणायचे.

एका पौषात तुळसाचं तान्हं आजारी पडलं. तिची आधीची पोरं जगली नव्हती, हे एकच उरलेलं. सासूनं दार लावलं, शेगडी पेटवली. ठकू आली. तिनं दार सताड उघडलं आणि पोराचं आंगडं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"तुळसे, ह्याला आत्ताच्या आत्ता घाटाखाली वैद्याकडं न्यायचं. दे माझ्याकडं, मी नेते."

"ह्या गारठ्यात? मारतीस का त्याला?" सासू कडाडली. तिनं ठकूला बाहेर ढकलून कडी लावली. तुळसानं पोर पोटाशी धरलं. ठकू दार बडवत राहिली. दार उघडलं तेव्हा आतून आधी धूर आला, मग तुळसाचं रडणं. पोर गेलं होतं.

आणि गाव काय म्हणालं? ठकूनं दार उघडलं, वारा शिरला, म्हणून पोर गेलं. दगड मारत तिला घाटमाथ्यापर्यंत हाकललं. मारणारे सगळे तिच्याच हातावर जन्मलेले.

माथ्यावर ती वाऱ्यात विरून गेली, असं म्हणतात. त्या सालापासून पौषात गावात एकही कडी टिकेना. आजारी पोराच्या घराचं दार आपोआप उघडायचं, धूर बाहेर पडायचा, पोर शांत झोपायचं. मग गाव घाबरलं. घाबरल्यावर गावाला सुचतं काय, तर देऊळ. दगड माथ्यावर पडलेलेच होते, त्यांचंच बांधलं आणि ठकूची ठकाई केली. तेव्हापासून कड्या पुन्हा नीट लागतात.

करंजदऱ्यातल्या आया सर्दी झालेल्या पोराचं आंगडं वर करून बरगड्या आजही बघतात. कुणी शिकवलं विचाराल, तर सांगता येणार नाही. ठकूच्या नावानं गाव करतं ते वेगळंच. पौषातल्या अमावस्येला नाक वाहणारी सगळी पोरं त्या देवळात नेतात, दार लावून घेतात आणि ओव्याची धुरी देतात. पोरं खोकत राहतात. ठकाईला धुरी फार आवडते, असं म्हणतात.