निळ्या मिठात अडकलेली परी

दमलेल्या माणसांच्या एका गावात बकुळा नावाची इवलीशी मुलगी राहत होती. तिची आई गेनूशेठच्या भंगाराच्या आवारात दिवसभर जुन्या बाटल्या धुवायची. लाल, हिरव्या, मधाच्या रंगाच्या बाटल्या उन्हात कशा लखलख करायच्या! पण त्यांना चमकवता चमकवता आईचीच चमक पार उतरून गेली होती. जेवायला बसली, की घास हातातच राहायचा आणि तिचा डोळा लागायचा. आईला एकदा तरी पोटभर विसावा मिळावा, एवढंच बकुळाला हवं होतं.

बकुळाही काही कमी दमायची नाही. आलेलं सामान झाडूनपुसून ठेवणं हे तिचं काम. एका दुपारी तिच्यापुढे एक जुना घरगुती कॉम्प्युटर आला. पिवळा पडलेला, जाडजूड, बटणांवर बोटभर धूळ. तिने झाकण उघडलं, आणि पाहते तर काय, आत एक चिमुकली बाग! हिरवीगार जमीन, तिच्यावर चंदेरी पायवाटा, काळी काळी घरं आणि रंगीत पट्ट्यांचे इटुकले मणी. पण कोपऱ्यातली बॅटरी फुटून पाझरली होती. तिथे निळं-हिरवं मीठ साचलं होतं आणि त्याने पायवाटा खाऊन टाकल्या होत्या. त्या मिठात पंख रुतलेली एक बोटभर परी बसली होती आणि पुटपुटत काहीतरी मोजत होती.

"काय मोजतेस ग?" बकुळाने हळूच विचारलं.

"वेळ," परी जांभई देत म्हणाली. "कॉम्प्युटर बंद असला तरी आतलं घड्याळ चालू राहावं लागतं. ते बॅटरीचं काम. ती फुटली, तेव्हापासून मीच मोजत बसलेय. डोळ्याला डोळा नाही. लिंबाच्या रसाने हे मीठ विरघळतं. माझे पंख सोडव ना, राणी. तुझी एक इच्छा पुरी करीन."

बकुळा धावत शेठकडे गेली. "शेठकाका, एक लिंबू द्या ना."

"कामाच्या वेळी सरबत होय?" शेठ गुरगुरला. पण लिंबू दिलं, आणि "हात लावू नकोस, झोंबेल," म्हणत फुटकी बॅटरी पकडीने स्वतः काढूनही दिली. परी काही त्याला दिसली नाही. माणूस तोंडाने फटकळ, एवढंच.

बकुळाने लिंबाचे थेंब टाकले. मीठ फसफसलं. जुन्या दातांच्या ब्रशने तिने ते अलगद घासलं, स्वच्छ पाण्याने पुसलं आणि बाग उन्हात वाळत ठेवली. हळूहळू परीचे पंख सुटले. मोरपंखी, झिरझिरीत, काठाला चांदी!

"माग आता," परी म्हणाली.

"माझ्या आईचा शीण जाऊ दे."

परीचं तोंड एवढंसं झालं. "त्याला एक नियम आहे ग. शीण नाहीसा करता येत नाही. एकाचा उतरवला, की दुसऱ्या कुणावर तरी घालावा लागतो."

"माझ्यावर घाल."

"तुझ्यावर जागा कुठे आहे, सोनुले? उभ्या उभ्या डुलतेयस."

बकुळाने आवारभर पाहिलं. हमाल हातगाडीला टेकून पेंगत होता. शेठसुद्धा गुडघे चोळत बसला होता. कुणाच्या माथी मारायचा? तिला रडूच कोसळलं.

"मग राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तू तरी झोप. किती दमलीयस!"

परी तिच्याकडे बघतच राहिली. "असं मला कधी कुणी म्हटलं नाही. पण मी झोपले तर मोजणार कोण?"

बकुळा पुन्हा शेठकडे. शेठ तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचा. कुरकुरत त्याने चष्मा चढवला. केसाएवढ्या तारा जोडून, त्यांवर कथलाचे चमचमते थेंब टाकून तुटलेल्या पायवाटा सांधल्या. नवी बॅटरी लांब तारेवर, बाहेर बसवली. "पुन्हा पाझरली तर बाग जळायला नको," असं बकुळानेच बजावलं होतं.

शेठने बटण दाबलं आणि कॉम्प्युटरचा पडदा उजळला. कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे आपोआप पुढे सरकू लागले.

परीने मोजणं थांबवलं आणि अंग ताणून मोठ्ठा आळस दिला. "चाललं ग बाई! आता मी झोपणार, मनसोक्त झोपणार. मग थोडा शीण जास्त झाला म्हणून माझं काय बिघडतं? तुझ्या आईचाही नेते."

ती भुरकन आईकडे उडाली. आईच्या खांद्यांवरून तिने करड्या धुक्याची एक शाल उचलली आणि स्वतःभोवती गुंडाळली. मग निळा, चंदेरी, सोनेरी उजेड फाकला आणि त्यात परी दिसेनाशी झाली.

आईने बाटली खाली ठेवली. कंबर सरळ केली. "बकू, अगं, मला कुठ्ठे काही दुखत नाहीये!" ती म्हणाली आणि चक्क हसली.

बकुळाला सगळं सांगायचं होतं, पण तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. आईने तिला कडेवर उचललं.

"उद्या उशिरा आलात तरी चालेल," शेठ मागून म्हणाला.

वाटेने आई गाणं गुणगुणत होती. तिच्या खांद्यावर डोकं टेकून अर्धवट झोपेत बकुळा ऐकत राहिली. आईला गाता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.