खुर्चीचा डावा हात

एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एक सुतार राहत होता, आणि आसपासच्या रानांतली झाडून सगळी वाकडी लाकडे त्याच्या परसात येऊन पडली होती. नव्या माणसाला वाटे, हा सरपणाचा धंदा करतो की काय. पण त्या फांद्यांना हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. बायकोने एकदा चुकून त्यांतल्या एका फांदीवर ओले लुगडे वाळत घातले, तर हा गडी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

सुतार मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचा. नवी खुर्ची कोणीही करील, असे त्याचे म्हणणे. मोडलेल्या खुर्चीला तिचा गेलेला हात, गेलेली पाठ पुन्हा तशीच वळणदार बसवून देणे, हे त्याच्या लेखी खरे काम. आणि त्याची रीत एकच होती. वळणाचा तुकडा करायचा तर तो वाकड्या वाढलेल्या फांदीतूनच काढायचा. फांदी झाडावर असतानाच तो हेरून ठेवी, तोडून आणी, सावलीत दोन-तीन वर्षे वाळवी आणि मगच तिला पटाशी लावी.

कोणी विचारले, की एवढी यातायात कशाला, तर तो सांगे, "वाकड्या फांदीत लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात. सरळ फळीतून वळण कापून काढलं की नेमक्या वळणावर त्या रेषा तुटतात. वरून रंधा मारा, लाख चढवा, दिसायला दोन्ही सारखंच. पण भार आला की ते काकडीसारखं मोडतं."

लोक माना डोलवत. अर्धे त्यांना कळे, अर्धे कळत नसे. पण सुताराने फळीला वळणासाठी जन्मात करवत लावली नाही, हे मात्र पोराटोरांनाही पाठ होते.

त्या गावात एक खुर्ची अशी होती, की तिच्यावर साऱ्या गावाचा जीव टांगलेला असे. गाव डोंगरावर, वैद्य पायथ्याशी, आणि मधली वाट अशी अरुंद, की बैलगाडी सोडाच, घोडेसुद्धा नीट चालत नसे. कोणी आजारी पडले की त्याला खुर्चीत बसवून चार भोई खांद्यावरून खाली नेत. खुर्चीचे दोन्ही हात पुढे जाऊन बैलाच्या शिंगासारखे वर वळलेले होते. त्या वळणांत दोन लांब दांडे अडकवून दोरीने आवळले, की आजाऱ्याचे सगळे ओझे त्या दोन वळणांवर येई.

चार भोयांत एक वयाने थोराड भोई होता. दरीकडची पुढची बाजू नेहमी त्याची. वीस वर्षे तो त्या वाटेने माणसे नेत होता आणि त्याचा पाय एकदाही चुकला नव्हता. भोयाचा पाय म्हणजे त्याची अब्रू. त्याच्याकडे दुसरे काही नव्हतेही.

एकदा खुर्चीच्या डाव्या हाताला वळणापाशी तडा गेला. भोई खुर्ची घेऊन सुताराकडे आला.

"सुतारदादा, याला तडा गेलाय. मोडायच्या आत बदलून द्या."

"ठेव. आठ दिवसांनी ये," सुतार म्हणाला.

परसातला ढीग मोठा होता. पण त्या मापाचा, पुरता वाळलेला तुकडा त्यात एकच होता. सुताराने तो काढून ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी सरदाराचा माणूस एक मोडकी खुर्ची घेऊन दारात उभा राहिला. तिचाही एक हात गेलेला. नक्षी सुंदर, लाकूड शिसवी, आणि वळण नेमके तसेच.

"सरदारसाहेब यावर बसतात," तो माणूस म्हणाला. "चार पाहुणे येतात, खुर्ची बघतात. हात कोणी बसवला ते विचारतीलच की."

सुताराचे मन तिथेच पाघळले. त्याला सगळे कळत होते बरे का. सरदाराच्या खुर्चीच्या हातावर टेकणार तर सरदाराचे रेशमी कोपर, आणि भोयांच्या खुर्चीच्या हाताला लटकणार माणसाचा जीव. चांगला तुकडा कुठे जायला हवा, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरी त्याने तो सरदाराच्या खुर्चीला लावला. भोयांच्या खुर्चीसाठी त्याने भिंतीला टेकवलेली एक सरळ फळी घेतली आणि तिच्यातून वळण कापून काढले.

हात थरथरला, असे सांगितले तर गोष्ट जरा बरी दिसेल. पण तसे काही झाले नाही. करवत नेहमीच्याच सफाईने चालली. दुसरी फांदी चार महिन्यांत वाळेल, मग गुपचूप बदलून टाकू, असे त्याने स्वतःला सांगितले आणि ते त्याला पटलेही.

आठ दिवसांनी भोई आला. नवा हात त्याने उलटसुलट पाहिला, अंगठ्याने दाबला. लाख आरशासारखी चमकत होती.

"भरवशाचं आहे ना, दादा?"

"मी केलंय," सुतार म्हणाला.

भोयाला तेवढे पुरले.

चार महिने गेले. फांदी वाळली. पण तोवर सरदाराकडून एक जरीचे पागोटे आले होते, ते बघायला माणसे येत होती, नवी कामे येत होती. खुर्ची बदलायची गोष्ट आज, उद्या, परवा करत राहून गेली.

आणि एक दिवस गावातली म्हातारी सुईण तापाने फणफणली. अर्ध्या गावाच्या नाळा तिने कापलेल्या. भोयाची कापली होती आणि सुताराचीही. भोयांनी तिला खुर्चीत बसवले, पोटाशी घोंगडी गुंडाळली आणि वाट धरली. दरीच्या अंगाला वाट वळते तिथे काडकन आवाज झाला. खुर्ची डावीकडे कलंडली, पुढचा भोई गुडघ्यावर आला आणि म्हातारी खाली गेली. तिला वर काढले तेव्हा तिच्यात काही उरले नव्हते.

गाव रडले आणि मग गाव चिडले. चावडीवर सगळे जमले. मागच्या भोयांनी सांगितले, की पुढच्याचा पाय गेलेला आम्ही पाहिला. आवाजही झाला, पण आधी काय झाले ते सांगता येत नाही.

"आधी लाकूड मोडलं," भोई म्हणाला. "मग माझा पाय गेला. म्हातारीनं माझी नाळ कापलीय, तिच्या बाबतीत मी खोटं बोलेन का?"

पाटलांनी मोडलेला तुकडा सुताराच्या हातात दिला. "लाकडातलं तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा."

सुताराने तुकडा पाहिला. वळणावर तो आडवा, सरळ, सुरीने कापावा तसा तुटला होता. चांगले लाकूड असे कधी तुटत नाही. ते चिरफळते, तंतू लोंबतात. सगळी चावडी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. एक वाक्य बोलायचे होते. पण ते बोलले तर आजवरचे नाव, ते पागोटे, त्या डोलणाऱ्या माना, सगळेच जाणार होते.

"खाली आपटल्यामुळं मोडलंय," तो म्हणाला.

भोयाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तो चावडीच्या पायऱ्या उतरला.

भोयाला कोणी मारले नाही, हाकलले नाही. फक्त त्याच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. बायका पाणवठ्यावर त्याच्या बायकोला वाट देत आणि गप्प होत. महिन्याभरात दोघे गाव सोडून पायथ्याच्या चुनाभट्टीवर दगड वाहायला गेले.

सुताराने तो मोडका तुकडा लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखाली जाळून टाकला. वाळलेल्या फांदीतून नवा हात केला, आणि तो असा केला, की त्याला हत्ती लटकला तरी मोडू नये. आता खुर्ची भक्कम होती. पण लोक त्याला म्हणायचे, "तुम्ही होता म्हणून खुर्ची पुन्हा उभी राहिली," आणि हे ऐकले की तो पाठ फिरवून घरात जाई. मनातून तो खचत गेला. कामाला बसला की हातातले लाकूड तसेच राही आणि दिवस मावळे.

सुईणीच्या वर्षश्राद्धाला पंगत बसली. जेवता जेवता लोक पुन्हा भोयाला शिव्या देऊ लागले. सुतार भरल्या पानावरून उठला, हात धुतला आणि तडक डोंगर उतरून भट्टीवर गेला. भोई पाठीवर दगड घेऊन येत होता. चुन्याने त्याचे केस पांढरे झाले होते.

"गड्या, तो हात मी फळीतून कापला होता," सुतार म्हणाला. "चूक माझी होती. तुझा पाय आधी गेला नव्हता."

भोयाने दगड खाली ठेवला. "हे मला काय सांगता? माझ्या खांद्याला तेव्हाच कळलं होतं. चावडीत मी तुमच्याकडं बघत होतो. म्हटलं, सुतारदादा सांगतील."

"माझी जीभ रेटली नाही रे."

"मग आता रेटा. जिथं ते बोललात, तिथंच हे बोला."

"आणि तू? माघारी येशील?"

"गावानं बोलावलं, तर त्याच दिवशी येईन," भोई म्हणाला. एवढे म्हणून त्याने वर गावाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सुतार चावडीवर उभा राहिला आणि त्याने अथपासून इतिपर्यंत सगळे सांगितले. सरदाराची खुर्ची, सरळ फळी, चमकणारी लाख, सगळे. काही लपवले नाही. त्याचे बोलून झाले. मग पाटलांनी डोळे पुसले.

"केवढं मोठं मन तुमचं," ते म्हणाले. "त्या भोयाची दया आली म्हणून त्याचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेताय."

"दया नाही पाटील, खरं सांगतोय."

"बरं, मग तो तुकडा दाखवा."

"जाळला मी."

लोक एकमेकांकडे पाहून हसले, मायेने. सुतार घरी धावला, फळी आणली, सगळ्यांदेखत वळण कापले आणि गुडघ्यावर ठेवून मोडून दाखवले. ते काकडीसारखे मोडले.

"आज तुम्ही मुद्दाम केलंत," एक म्हातारा म्हणाला. "आम्हाला का ठाऊक नाही? वळणासाठी फळीला ज्यानं जन्मात करवत लावली नाही, तो हे करील होय?"

सुतार रडू लागला. रडण्याने तर लोकांची खात्रीच पटली. पाटलांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्याला पांघरली आणि नारळ दिला. भोयाला बोलवावे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

सुतार दोनदा डोंगर उतरायला निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरला. जाऊन सांगणार काय, की बोललो पण कोणी ऐकले नाही?

खाली भट्टीवर भोयाने वाट पाहिली. आठ दिवस पाहिली, महिना पाहिली. बायकोने दोनदा बोचके बांधले आणि दोनदा सोडले. वरून बोलावणे काही आले नाही. तेव्हा सुतार याही खेपेला बोललाच नाही, असे त्याने गृहीत धरले आणि पुढचा दगड पाठीवर घेतला.

तात्पर्य काय, तर आपल्या चुकीचा आळ दुसऱ्यावर येत असेल, तर तिथल्या तिथे तोंड उघडावे. उशिरा सांगितलेले खरे आपल्याला शाल मिळवून देईल, पण ज्याची अब्रू गेली त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.