टिटवीचे पांढरे रूळ

आगगाड्या कोळसा खायच्या त्या काळात माळावरच्या टिटव्या रुळांच्या मधोमध, खडीत अंडी घालत. आई लेकीला बजावायची, "गाडी कितीही गरजू दे, तिची चाकं रूळ सोडत नाहीत. मान खाली घालून बसून राहा."

पुढे गाडी बंद झाली. रूळ उपटले, खडीवर डांबर पडलं, माळावर बंगले उठले आणि माणसं त्या वाटेवर हवा खायला येऊ लागली. चालणारे एकीकडे, सायकली दुसरीकडे, म्हणून मधोमध दोन पांढऱ्या रेघा ओढल्या.

त्या रेघा पाहून अंडी घालायला आलेल्या टिटवीच्या जिवात जीव आला. रूळ सापडले! रेघांच्या मध्ये चार खडे मांडून ती अंड्यांवर बसली.

कडेचा मैलाचा दगड कळवळून म्हणाला, "पोरी, तो नुसता रंग आहे गं."

"आजोबा, मी आगगाडीखाली जन्मले. या काडीएवढ्या सायकलींना भिऊ?"

"आगगाडी बांधलेली होती, बाळ. यांना कोण बांधणार?"

तेवढ्यात हसत-खिदळत एक सायकल आली. टिटवीने आईची शिकवण आठवून मान खाली घातली. चाक सहज रेघ ओलांडून आत आलं. पंख खरचटून टिटवी उडाली. अंडी राहिली नाहीत.

ती आकांत करत घिरट्या घालू लागली. सायकलवाली मागे बसलेल्या मैत्रिणीला म्हणाली, "ऐक ना, इथे पक्षी किती आहेत!"

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा त्याच रेघांमध्ये खडे मांडू लागली. दुसरी जागा दगड तरी कुठली दाखवणार होता?