हिरवळीची पाटी

बागांना नुकतीच कुंपणं आली होती, त्या काळची गोष्ट. एका बागेत हिरवळीच्या मधोमध पाटी उभी होती : ‘हिरवळीवर बसू नये.’

एकदा हिरवळीने विचारलं, “पाटीताई, तुझ्यावर काय लिहिलंय गं?”

पाटीला खरं सांगवेना. ती म्हणाली, “‘या, बसा’ असं लिहिलंय.”

“मग माणसं तुझ्याकडे बघून तशीच पुढे का जातात?”

“त्यांना कुठलं आलंय वाचायला!”

बिचारी हिरवळ वाट बघत राहिली. एका संध्याकाळी आजीचा हात सोडून दीड वर्षांची रेवती दुडुदुडु धावत आली आणि हिरवळीवर फतकल मारून बसली.

आजी ओरडली, “अगं ऊठ, पाटी दिसत नाही का?”

हिरवळ आनंदाने शहारली. “बघितलंस, पाटीताई? आलं शेवटी वाचता येणारं कुणीतरी!”