शेंड्यावरचा राखणदार

पूर्वी, पूर्वसमुद्रातल्या जपान देशी, उत्तरेकडच्या हिमाच्या मुलखात तादामासा नावाचा तरुण राजा गादीवर बसला, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या डोंगरात वानर होऊन जन्मला होता. त्याची आई आंधळी होती आणि तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. हिवाळ्यात बाकीची वानरे झाडांच्या साली कुरतडून दिवस काढीत. तिला ते जमत नसे. म्हणून बोधिसत्त्व तिच्यासाठी मऊ फळे हुडकून आणी आणि ती जेवल्याखेरीज स्वतः तोंडात काही घालीत नसे.

राजा राजधानीत लहानाचा मोठा झालेला. आपला मुलूख कसा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मनाने वाईट नव्हता, हौशी मात्र फार. त्याने वर्षभर गावोगाव हिंडायचे ठरवले. वसंतात चेरीची झाडे फुलली तेव्हा तो लोकांबरोबर झाडाखाली चटईवर बसला आणि चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले तांदळाचे गोड उंडे त्याने खाल्ले. पेल्यात पाकळ्या पडत होत्या, त्या न काढताच तो पीत होता. उन्हाळ्यात बायका गाणी म्हणत भात लावीत, ती त्याने बांधावर बसून ऐकली. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेले नदीतले मासे खाल्ले. संध्याकाळी ओढ्यावर काजवे असे दाटले, की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते त्याला कळेना. मग डोंगर तांबडे झाले, घराघरात नव्या तांदळाचा वास सुटला, आणि झोपेतल्यासारखे वर्ष सरत आले.

पण सारे येते आणि निघून जाते, याचे राजाला वाईट वाटू लागले. हातातून काही सुटूच नये असे त्याला वाटे. त्याने मनाशी बेत केला, की नववर्षाच्या मेजवानीला चारही ऋतू एकाच ताटात वाढायचे. चेरीची फुले मिठात घालून ठेवलेली होती, मासे सुकवले होते, नवा तांदूळ कोठारात होता. राहिला होता फक्त हिवाळा.

त्यासाठी तो खिंडीखालच्या शेवटच्या गावी आला. तिथे घरोघर आपल्या टेंभुर्णीचे थोरले भावंड म्हणावे अशा केशरी फळाची झाडे होती. लोक फळे सोलून माळा करून वळचणीला वाळत घालीत. राजाने एक ताजे फळ उचलले आणि कचकन चावले. त्याचे तोंड असे आवळले, की बराच वेळ राजाज्ञा बंद पडली.

गावची कारभारीण शिनो आजी हसू दाबीत म्हणाली, "घाई केली की ते तोंड धरतं, महाराज. वाळलं की गोड होतं. नाहीतर हिवात झाडावर राहिलं की."

राजाने वर पाहिले. पाने झडली होती आणि प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर एकेक फळ तेवढे राहिले होते, हिवाने पिकून पारदर्शक झालेले.

"सगळ्यात गोड तेच झाडावर सोडलंत?"

"तो झाडाचा राखणदार. आम्ही त्याला हात लावत नाही. पाखरं, वानरं त्याच्यावर जगतात. आणि बर्फ पडला की गाव कुठं आहे, ते त्याच्यावरूनच कळतं. एवढ्या पांढऱ्यात दुसरं काय दिसणार?"

"बर्फ पडेल तेव्हा मी परत माझ्या गडावर असेन," राजा हसून म्हणाला, आणि त्याने सगळे राखणदार उतरवून घेतले.

काढताना एक फळ निसटून गवतात पडले. तेवढेच बोधिसत्त्वाच्या हाती लागले. गावाच्या कडेला एका देवदाराच्या ढोलीत त्याची आई दोन दिवस उपाशी होती. तो फळ घेऊन तिच्याकडे गेला.

इकडे राजाने माणसे पुढे पाठवली. टोपली मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून तो ती सांभाळीत मागे राहिला. खिंडीत शिरतो तोच बर्फ कोसळू लागला. पुढची वाट बुजली, मागची बुजली. एका अंगाला खोल दरी होती, पण कोणत्या अंगाला ते आता त्याला सांगता येईना. तो हाका मारू लागला.

ढोलीत आईने कान टवकारले. "कोण ओरडतंय, बाळा?"

"ज्यानं फळं नेली तोच. आवाज दरीकडे चाललाय."

फळ आईच्या हातात होते. तिने अजून ते फोडले नव्हते. हे फळ मागावे कसे, आणि न मागावे तरी कसे, या दोहोंत बोधिसत्त्वाचा जीव कासावीस झाला.

आईने हात पुढे केला. "घेऊन जा. भूक माझ्या ओळखीची आहे. त्याला वाट ओळखीची नाही."

बोधिसत्त्व गावच्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढला आणि फळ हातात उंच धरून बसला. वारा त्याला हलवीत होता. फळावर बर्फ साचला की तो पुसून काढी आणि पुन्हा हात वर करी. त्याची बोटे बधिर झाली, अंगावरच्या केसांत बर्फाचे मणी लटकले. फळाचा गोड वास नाकाशी येत होता. तो स्वतःही उपाशीच होता.

राजाला त्या पांढऱ्या शून्यात केशरी ठिपका दिसला. त्याच्यावर नजर लावून तो एकेक पाऊल टाकीत आला, आणि झाडाच्या बुंध्याला त्याचा हात लागला तेव्हा पलीकडे शिनो आजीच्या घराचा दिवा दिसला. त्याने वर पाहिले.

आजी दारात आली होती. ती म्हणाली, "राखणदार तुम्ही नेलात, महाराज. मग पहाऱ्याला तो बसला."

राजाने टोपली खाली ठेवली. वानर उतरून ढोलीकडे निघाला, तसा तोही मागोमाग गेला. बोधिसत्त्वाने फळ आईच्या हातात परत दिले. ते गोठले होते. तिने ते छातीशी धरून ऊब दिली, बोटांनी दोन भाग केले, अर्धे स्वतःपाशी ठेवले, आणि अर्धे ज्या बाजूने अनोळखी श्वास ऐकू येत होता तिकडे धरले.

राजाने ते घेतले. वर्षभर तो इतके काही खात हिंडला होता, पण घास तोंडात असताना रडला तो तेव्हाच. टोपलीतली सगळी फळे त्याने ढोलीत आईच्या पुढ्यात ओतली. मेजवानी झाली नाही. पुढे तो त्या मुलखात जिथे जिथे जेवला, तिथे पानातला शेवटचा घास त्याने पाखरांसाठी राखला.

प्रत्येक घरचा उत्तम घास आपल्याच पात्रात पडावा, अशी हाव धरणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनात ही कथा सांगितली. ती ऐकून त्याने मान खाली घातली. मग शास्ते म्हणाले, "भिक्षो, तो राजा म्हणजे तूच होतास. शिनो आजी म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आंधळी वानरी म्हणजे मला वाढवणारी महाप्रजापती गौतमी, आणि झाडावर बसलेला वानर मी होतो. भरल्या पोटी देणारे पुष्कळ असतात. उपाशी असताना जे दिले जाते, ती दानपारमिता, दानाची पराकाष्ठा."

भिक्षूने आपले पात्र शेजारच्या म्हाताऱ्या भिक्षूपुढे सरकवले.